एकोणतीस तारखेचं पाणी

खांबाला टेकलेल्या पाण्याची कडा सरळ नसते. लाकडाशी पाणी दोन-तीन मिलिमीटर वर चढतं, आणि वाचणाऱ्याची नजर त्या चढलेल्या कडेवर गेली की आकडा चुकतो. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, कडा सोडून द्यायची आणि मागचा सपाट पृष्ठभाग वाचायचा, अशी पद्धत आहे. तळखारच्या पाणी मोजायच्या खांबावर हे करायचं तर बांधाच्या दगडावर पालथं पडावं लागे. वेणूबाई पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला तशा पडत. त्यांची नोंद एका सेंटिमीटरनेही चुकलेली मी कधी पाहिली नाही.

तळखार म्हणजे उलव्याच्या खाजणातली एकसष्ट घरांची आगरी वस्ती. तीन बाजूंना मीठागरं, चौथीला खाडी. बेलापूरच्या धक्क्यावरून होडीने अर्ध्या तासात पोचता येई. होडी वेणूबाईंचे यजमान हिरामण चालवत. नव्या शहराच्या नियोजनाच्या ऑफिसात मी भरतीचं गणित करायचे. एम.एस्सी.ला गणित घेतलेली बाई ऑफिसात काय करणार, हा प्रश्न सगळ्यांना होता. समुद्राचं काम दिल्यावर तो सुटला.

भरती म्हणजे पुष्कळ लाटांची बेरीज. चंद्राची मुख्य लाट बारा तास पंचवीस मिनिटांची, सूर्याची बारा तासांची. मग चंद्र जवळ-लांब जातो त्याची एक, तिरका फिरतो त्याची एक. अशा तेवीस लाटा मी धरल्या होत्या. प्रत्येकीचा कोसाइन काढायचा, बेरीज करायची, की अमुक दिवशी अमुक वाजता पाणी किती चढेल ते मिळतं. हे गणित सुंदर आहे, पण त्यात वारा नाही, गाळ नाही, बांधाच्या दारातून, उघाडीतून, सुटणारं पाणी नाही. म्हणून तक्ता आणि खांब यांच्यात दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. पडायलाच हवा.

१९८० सालच्या पहिल्या तीन महिन्यांचा तक्ता मी हाताने लिहिला. त्याची एक प्रत तळखारच्या उघाडीशेजारी फळीवर लावली, होडीवाल्यांच्या सोयीसाठी. जानेवारीच्या पंधरा दिवसांच्या नोंदी माझ्याकडे आल्या, तेव्हा मी फरकाचा रकाना भरायला घेतला.

सगळीकडे शून्य आलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की निरीक्षण कागदाशी जुळवायचं नाही. इतकं जुळलेलं निरीक्षण दिसलं की समजावं, कोणीतरी कागद पाहून लिहिलंय. मी दुसऱ्याच दिवशी होडीत बसले.

"वेणूबाई, हे आकडे खांबावरचेच ना?"

"नायतर काय आभालातले?"

"फळीवरचा तक्ता बघून नाही ना भरले?"

वेणूबाई मीठ ओढत होत्या. त्यांनी फावडं टेकवलं आणि पदर खोचला. चाळिशीच्या, काळ्या, सडपातळ बाई. "कागद बगून लिवायला मना काय येर लागलंय? पानी समोर हाय. चल, आज तूच झोप दगरावर."

मी झोपले. सुती साडी, खांद्यावर शबनम, हातात घड्याळ. मीठागरातल्या बायका काम सोडून बांधावर जमल्या. होडीतून हिरामण ओरडले, "आरं बगा, सायबीन बुरली!" आणि सगळा बांध हसला. मीही हसले असेन. दगड कोमट होता आणि शेवाळाला काकडीसारखा वास येत होता.

तक्त्यात १८ जानेवारीला १२ वाजून ४० मिनिटांनी ४.४१ मीटर होतं. पाणी ४.४१ वर आलं. बारा चाळीसला एक क्षण थांबलं आणि उतरू लागलं.

मला भीती वाटली नाही. खूप वर्षं आपण कोणाला पत्रं पाठवावीत आणि एक दिवस त्या माणसाने ती पाठ म्हणून दाखवावीत, तसं काहीसं वाटलं. परतताना मी होडीत गाणं गुणगुणत होते. हे मला हिरामणनी पुढे सांगितलं, मला आठवत नाही.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात देवजीबाबांनी मला निरोप धाडला. देवजीबाबा वेणूबाईंचे सासरे. त्यांनी घड्याळ कधी वापरलं नव्हतं. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते, एवढं त्यांना पुरत होतं. त्यांचा हिशेब माझ्या तेवीस लाटांपेक्षा फारतर तासाभराने चुकायचा, आणि त्याला कॅल्क्युलेटर लागत नव्हता.

"बाय, संकष्टीला पानी अर्दाच आयला," ते म्हणाले. "उघारी कोरडी. सत्तर वर्सांत असं बगलं नाय. तुमी लोकांनी तिकरं कुठं भराव केला काय?"

भराव कुठेच केलेला नव्हता. मी वही उघडली. ४ फेब्रुवारी, दुपारची भरती, वेणूबाईंची नोंद ३.४३. तक्ता ३.४३. नेहमीसारखं जुळत होतं. मग ऑफिसात येऊन मी माझी कच्ची आकडेमोड काढली. तिथे होतं ४.३३.

उतरवताना माझ्या हातून आकड्यांची अदलाबदल झाली होती. बेलापूरच्या धक्क्यावर दुसरा खांब आहे, तिथे त्या दुपारी ४.३६ नोंदलेलं होतं. म्हणजे बेलापूरला पाणी पुरतं आलं होतं. तळखारला मात्र ते माझ्या चुकीपर्यंत येऊन मागे फिरलं होतं.

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर आधी वाक्य तयार करावं लागतं, आणि मला ते जमेना. पाण्याने तक्ता पाळला, असं म्हणावं तर पाळणं हा शब्द पाण्याला लागू पडत नाही.

सोळा तारखेला सूर्यग्रहण होतं. शनिवार, ऑफिस अर्धा दिवस, आणि निम्मे लोक ग्रहण पाळायला घरी. मी आणि आमचे साहेब श्यामसुंदर गुप्ते असे दोघेच उरलो. गुप्ते साहेब पनवेलचे, स्थूल, हसतमुख. पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडून त्यांनी सूर्याची प्रतिमा माझ्या टेबलावर पाडली होती. एक इवलीशी कोर फाइलवरून सरकत होती.

"पंचांगात दिलंय तेच मिनिट," साहेब म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वी बसून काढलं असतं तरी हेच आलं असतं. मला अजून गंमत वाटते."

"गणिताला हे कसं कळतं, साहेब?"

"कळत नाही काही. गणित ही भाषा आहे, सुनीतीबाई. आपण वर्णन करतो. सूर्य त्याच्या मनाने जातो, आपण मागून त्याची वाट लिहून काढतो. नकाशावर रेघ मारली म्हणून गाव हलतं का?"

बोलून झाल्यावर त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर आमचा नकाशा होता. पंचाण्णव गावं, आणि त्यांच्यावरून गेलेल्या लाल, निळ्या, हिरव्या रेघा.

"हलतं," मी म्हणाले.

साहेब पोट धरून हसले. "महिन्यातून एकदा बोलता, पण बोलता!" मग डोळे पुसत म्हणाले, "त्यावरून आठवलं. तळखारच्या कमाल भरतीचा आकडा कधी देताय? दोन महिने झाले."

तो आकडा मी टाळत होते. नियम साधा होता. पुढल्या एकोणीस वर्षांतली सगळ्यात मोठी भरती घराच्या जोत्याच्या वर जात असेल, तर तिथे वस्ती ठेवायची नाही. तळखारच्या सगळ्यात खालच्या घराचं जोतं ४.९० मीटरवर होतं. ते देवजीबाबांचं. माझ्या गणितात एप्रिल १९९७ मधली एक भरती ५.०७ येत होती. तीनदा केलं, तीनदा ५.०७. तो आकडा दिला असता तर एकसष्ट घरं उठली असती आणि नेरूळकडे प्लॉट मिळाले असते.

"तपासतेय, साहेब," मी म्हणाले.

"एकतीस मार्चला मी स्वतः तिकडे येतो. वर्षातलं मोठं उधाण आहे. तिथेच द्या."

वेणूबाईंना हे सगळं ठाऊक होतं. ऑफिसातून नोटीस गेली होती. त्या माझ्याशी त्याबद्दल एकदाच बोलल्या, नोंदवही माझ्या हातात देताना. "नेरूलला काय करू मी? नलाला भरती येते का?"

*

२७ फेब्रुवारीला, बुधवारी, मी मार्चची पानं चाळत होते आणि माझ्या लक्षात आलं की तक्त्यात २८ फेब्रुवारीनंतर १ मार्च आहे.

१९८० लीप वर्ष आहे हे मला ठाऊक होतं. गणितही मी बरोबरच केलं होतं. पण पान आखताना गेल्या वर्षीचं पान समोर ठेवून रकाने आखले, आणि एक दिवस आखायचाच राहिला. २८ तारखेची शेवटची ओळ होती रात्री ११ वाजून ५ मिनिटांची भरती, ४.०५. तिच्याखालची ओळ थेट १ मार्चची, पहाटेची ओहोटी.

मधल्या दिवसाला आकडेच नव्हते.

ती ओळ लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. पेनही हातात होतं. मी ते बंद केलं. याला कुतूहल म्हणतात, आणि आमच्या शिक्षणात तो गुण मानला जातो.

शुक्रवारी, २९ तारखेला, सकाळी आठला हिरामण मला न्यायला आले तेच गात आले. दुसऱ्या दिवशी होळी होती. आगरी कोळी वस्त्यांमध्ये या दिवसांत कोणी सरळ बोलत नाही, सगळं गाण्यात बोलतात.

तळखारला खाडी काठोकाठ भरलेली होती. फक्त भरलेली नव्हे, थांबलेली. मी खांबाशी झोपले. ४.०५. नऊला ४.०५. दहाला ४.०५. चढलेली कडा लाकडाला चिकटून बसली होती, जणू कोणी ती तिथे रंगवली होती. पाण्यावर एक पेंढ्याची काडी होती. तासाभरात ती ना आत गेली, ना बाहेर.

"चवदस हाय," देवजीबाबा म्हणाले. "चवदाला तिन्नी गुन, चारानी भाग. सारेधाला भरती, मंग सुकती." साडेदहा झाले. अकरा झाले. पाणी तसंच. मग म्हातारा हसायला लागला. बोळक्या तोंडाने, खांदे हलवत. "जाऊ दे गो! आज पानी पन सुट्टीवर गेला!"

त्यानंतरचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. खाडी रोज दोनदा भरते आणि दोनदा निघून जाते. तिच्या कडेने राहणाऱ्या माणसांचं सगळं जगणं त्या घाईत बसवलेलं असतं. त्या दिवशी घाई नव्हती. बायकांनी भांडी, गोधड्या, पोरं असं सगळं पाण्यात उतरवलं. देवजीबाबांनी उघाडी उघडून मीठागराचा एकेक कोंडा, मीठ पिकवायचा कप्पा, सावकाश भरून घेतला. पुरुष पलीकडच्या काठावरून होळीचं झाड आणायला गेले. एरवी चिखलातून ओढावं लागणारं झाड त्यांनी सरळ तरंगत आणलं, आणि त्यावर हिरामण घोड्यावर बसल्यासारखे बसले होते. वेणूबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून नवऱ्याला गाण्यातून शिव्या देत होत्या. पाणी इतकं स्वच्छ निवळलं होतं की त्यांच्या पायांची बोटं दिसत होती.

मला त्यांनी ओढून पाण्यात नेलं. मी साडीसकट उतरले. पंचवीस वर्षांत मी इतक्या मोठ्याने हसले नव्हते. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मी ओल्या कपड्यांनिशी बांधावर बसून खाल्ली. वर आकाश आणि खाली आकाश. मधे एकसष्ट घरांची एक ओळ, दोनदा.

पाचला हिरामणनी मला परत सोडलं. बेलापूरच्या धक्क्यावर ओहोटी होती. पायऱ्या उघड्या, चिखल उघडा, चार मीटर खाली पाणी. कुठेतरी मधे आम्ही एवढं उतरलो होतो. मी पूर्ण वाटभर पाण्याकडे बघत होते आणि ते कुठे उतरलं ते मला दिसलं नाही. फक्त एके ठिकाणी हिरामणनी वल्ही उचलून धरली होती आणि होडी आपोआप पुढे जात होती.

*

सोमवारी, तीन मार्चला, मी तळखारला गेले. कपाळावर रंग अजून होता सगळ्यांच्या.

नोंदवहीत २८ फेब्रुवारी होती. पुढच्या ओळीवर १ मार्च.

"वेणूबाई, शुक्रवारच्या नोंदी?"

"कंचा शुक्रवार?"

"हाच गेला तो. होळीच्या आदल्या दिवशी. मी आले होते ना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मस्करी करताना त्यांचा डावा गाल आधी हलतो. तो हलला नाही. "बाय, तू गुरवारी आलीस. दुसऱ्या दिवशी शिमगा."

मी हिरामणना विचारलं. ते म्हणाले, झाड या खेपेला कसं आणलं ते काय ध्यानात नाही, आणलं खरं. मी देवजीबाबांकडे गेले. ते बाजेवर बसून जाळं विणत होते.

"तेरस झाली आनि मंग पुनव," ते म्हणाले. "मदली चवदस क्षय पावली आसंल. पंचांगात व्हतं तसं."

"तिथीचा क्षय होतो, बाबा. वाराचा होत नाही. गुरुवारनंतर शनिवार कसा येईल?"

त्यांचा हात जाळ्यात थांबला. ओठ हलले, बोटांवर त्यांनी वार मोजले. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा गो बाय, काम करू दे."

घरं तीच होती, मीठ तेच होतं. कोंडे काठोकाठ भरलेले होते आणि ते कधी भरले हे कोणाला सांगता येत नव्हतं. मी उघाडीपाशी गेले, फळीवरच्या तक्त्यावर पेन टेकवलं आणि २८ आणि १ च्या मधल्या बारीक जागेत ती ओळ लिहिली. दोन भरत्या, दोन ओहोट्या, बरोबर गणिताने काढलेल्या. आकडे नीट आले. शाई वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

मागून वेणूबाई आल्या.

"आनि बाय, चवदसला तुजी चप्पल रुतली तेची काय गंमत!" त्यांचा डावा गाल हलत होता. "सुकतीला शिंपल्या काराया उतरली, आनि चिखलानं चप्पल धरली ती सोरंचना. हिरामण वरून खेचतो, तू खालून वरडतेस. आमी हसून मेलो."

नोंदवही त्यांच्या काखेत होती. मी घेतली. २९ फेब्रुवारी, पहाटे पाच ते रात्री नऊ, सतरा नोंदी. त्यांच्याच अक्षरात. फरक शून्य.

शिंपल्या काढायला मी उतरलेच नव्हते. त्या दिवशी ओहोटीच नव्हती. मी हे म्हणणार होते, पण त्या इतक्या खुशीत होत्या की मीही हसले, आणि चपलेचं अजून काय काय झालं ते विचारून घेतलं. वाशीला घरी आल्यावर दारात चपला काढल्या. डाव्या पट्ट्याच्या शिवणीत राखाडी चिखल वाळून बसला होता.

*

मार्च महिना मी झोपले थोडी आणि विचार पुष्कळ केला. खरा आकडा म्हणजे काय? जो पाण्याशी जुळतो तो. एवढीच व्याख्या मला शिकवलेली होती. मग मी जोत्याच्या खालचं ४.८८ लिहिलं आणि एकोणीस वर्षं पाणी ४.८८ च्या वर गेलं नाही, तर मी खोटं लिहिलं असं कोण म्हणेल? ५.०७ हे मी चंद्र-सूर्यावरून काढलं होतं. पण तळखारचं पाणी चंद्र-सूर्याला विचारत नव्हतं.

दुसरी बाजूही मला दिसत होती. उद्या माझ्या जागी दुसरं कोणी बसलं आणि त्याने गणित बरोबर केलं तर? एप्रिल १९९७ मध्ये रात्री एकसष्ट घरांत माणसं झोपलेली असतील आणि फळीवर कुणीतरी अचूक ५.०७ लिहिलेलं असेल.

म्हणजे आकडा द्यायचा तर त्याच्यापाशी राहायचं. दरवर्षी, दर तिमाहीला. हे मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या विचाराने मला आनंदच होत होता.

तरीही एकतीस मार्चच्या सकाळपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. एप्रिलचा तक्ता कोरा होता. मार्चची शेवटची पौर्णिमा होती, सोमवार. त्या दिवसाची ओळ मी पूर्वीच बरोबर काढली होती. १२ वाजून ५० मिनिटं, ४.८८. जोत्याच्या दोन सेंटिमीटर खाली.

गुप्ते साहेब पांढरी टोपी घालून होडीतून उतरले. तळखारची सगळी माणसं देवजीबाबांच्या ओटीवर आणि आजूबाजूला जमली होती. कोणी त्यांना नारळपाणी दिलं. देवजीबाबा म्हणाले, "सायेब, बगा, पानी पायऱ्या ओलांडनार नाय," आणि साहेब म्हणाले, "बाबा, मी पाणी बघायला आलोय, तुम्हाला नाही," आणि सगळे हसले.

पाणी बांध ओलांडून अंगणात आलं. तुळशीच्या कट्ट्याभोवती फिरलं. पायरीवर चढलं.

बारा पन्नासला ते जोत्याच्या दोन बोटं खाली थांबलं.

मी ओणवी होऊन पायरीवरच्या खुणेवर वाचलं. ४.८८. "आता उतरेल," मी म्हणाले.

एक वाजला.

पाणी उतरलं नाही.

तक्त्यात पुढची ओळ होती. माझ्याच हाताने लिहिलेली, ७ वाजून ५ मिनिटं, ०.३१. गेले तीन महिने पाणी ओळीवरून ओळीवर जात होतं. या ओळीकडे ते निघालं नाही.

एक दहा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. खाडीवर वारा होता, ताडाची झावळी हलत होती. अंगणातल्या पाण्यावर तरंग नव्हता.

वेणूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या पाण्याकडे बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाकीचीही सगळी माणसं. हसणं कधी थांबलं ते मला कळलं नव्हतं.

"सुनीतीबाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "मग कमाल किती धरायची?"

मी शबनममधून वही काढली आणि पेन उघडलं. लिहायच्या आधी सहज खाली पाहिलं. पायरीवरच्या पाण्याला चढलेली कडा होती, नेहमीसारखी दोन-तीन मिलिमीटरची. पण ती दगडाच्या बाजूला नव्हती. मी उभी होते त्या बाजूला, माझ्याकडे, पृष्ठभाग किंचित वर उचललेला होता.

वही लागणार नव्हती, पाणी आकडा माझ्याच तोंडून ऐकायला थांबलं होतं. मी ती मिटली.

"चार अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले. "याच्या वर येणार नाही, साहेब. गाव इथेच राहील."